चेहऱ्याची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर या गृहस्थाने उंचावरच्या एका खिडकीतून समोरच्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. बुलवार द्यू तांप्ल हे त्या रस्त्याचे नाव. नाट्यगृहे, खानावळी, घोडागाड्या आणि फेरीवाले यांनी दिवसभर गजबजलेला हा रस्ता छायाचित्रात मात्र ओसाड दिसतो. कारण साधे आहे. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला त्या काळी कित्येक मिनिटे लागत आणि जे हलत असे ते पत्र्यावर उमटतच नसे. सगळा रस्ता हलत होता, म्हणून सगळा रस्ता नाहीसा झाला. उरला तो एकच माणूस. पदपथाच्या कडेला एक पाय उचलून तो स्वस्थ उभा आहे, कारण तो बूट पॉलिश करून घेत आहे. जिवंत माणसाचे पहिले छायाचित्र म्हणून आज जे मानले जाते ते या अनोळखी गिऱ्हाइकाचे. त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवालाही तेथे आहे. पण त्याचे हात चालू होते, अंग हलत होते, म्हणून तो पुसट डागासारखा राहिला.

दागेरने हे मुद्दाम केले असे कोणी म्हणणार नाही. आयोडीनच्या वाफेला आणि पाऱ्याला वर्ग कळत नाहीत. परंतु ज्याला उभे राहण्याची सवड होती तो उमटला आणि जो काम करीत होता तो पुसला गेला, एवढी वस्तुस्थिती आपण ध्यानात ठेवू. कारण पुढील पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट केवळ रसायनाची राहिली नाही.

वेतन, जमीन, महागाई असे प्रश्न समोर असताना छायाचित्रांवर बोलायचे कशाला, अशी शंका काही साथींनी काल बोलून दाखवली. शंका रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की जो वर्ग सत्तेवर येतो तो केवळ कारखाने आणि कायदेमंडळ ताब्यात घेत नाही. आपण कसे दिसतो आणि इतर कसे दिसतात हे ठरविण्याचा अधिकारही तो आपल्याकडे घेतो. मध्यमवर्गाने हा अधिकार कसा मिळविला याचा जितका स्वच्छ पुरावा छायाचित्रांच्या इतिहासात आहे तितका मला दुसरीकडे आढळला नाही. हा पुरावा पहिल्यांदा नीट मांडला तो जिझेल फ्रॉइंड या स्त्रीने. समाजवादी विद्यार्थी चळवळीत वाढलेली ही जर्मन ज्यू मुलगी १९३२ च्या मेदिनी फ्रँकफर्टच्या मोर्चात कॅमेरा घेऊन उतरली होती. पुढच्याच वर्षी हिटलरच्या राज्यातून निसटून ती पॅरिसला आली आणि एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच छायाचित्रणावर १९३६ मध्ये तिने प्रबंध सादर केला. मी आज जे सांगणार आहे त्याचा सांगाडा बराचसा तिचा आहे. त्यावर चढविलेली मते माझी. तिला त्यांचा दोष देऊ नये.

तर दागेरच्या शोधाची घोषणा झाली ती ७ जानेवारी १८३९ रोजी, फ्रेंच विज्ञान अकादमीत. घोषणा करणारे होते खगोलशास्त्रज्ञ फ्रान्स्वा आरागो. ते लोकप्रतिनिधी होते आणि विचाराने प्रजासत्ताकवादी. सरकारने हा शोध विकत घेऊन सर्वांना खुला करावा, असा आग्रह त्यांनी धरला. त्याप्रमाणे दागेरला वर्षाला ६,००० फ्रँक आणि त्याचा दिवंगत भागीदार नीप्स याच्या मुलाला ४,००० फ्रँक असे निवृत्तिवेतन ठरले, आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी सारी कृती जाहीर करण्यात आली. शासनाने एखादे तंत्र खरेदी करून ते लोकांना फुकट द्यावे ही कल्पना आजच्या पेटंटशाहीच्या काळात आपल्याला सुखावते. मात्र त्या औदार्यालाही एक खोच होती. जाहीर वाटपाच्या पाच दिवस आधीच दागेरच्या वतीने इंग्लंडमध्ये पेटंट काढून झाले होते. साऱ्या जगाला दिलेले दान खाडीपलीकडच्या शेजाऱ्याला मात्र पैसे मोजून घ्यावे लागले.

तेव्हाचे फ्रान्स कोणाचे होते? १८३० च्या क्रांतीने जुने राजघराणे घालविले आणि लुई फिलिप गादीवर आला. सरदारांची जागा सावकारांनी, गिरणीमालकांनी आणि वकिलांनी घेतली. मतदानाचा हक्क मिळण्यासाठी वर्षाला किमान २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरावा लागे. साडेतीन कोटींच्या देशात १८४६ साली मतदार होते सुमारे दोन लाख चाळीस हजार. त्यांच्याखाली दुकानदार, कारकून, शिक्षक, छोटे व्यावसायिक यांचा मोठा थर होता. त्याच्याकडे थोडा पैसा होता, वाचता येत होते, आणि आपणही कोणीतरी आहोत अशी जाणीव होऊ लागली होती. फक्त तिला कोठे जागा नव्हती. मतपेटीत नव्हती आणि भिंतीवरही नव्हती.

भिंतीवरच्या जागेची गोष्ट थोडी मागे जाऊन पाहू. तैलचित्र काढून घेणे हे राजाचे, सरदाराचे, फार तर बड्या व्यापाऱ्याचे काम. त्यासाठी चित्रकार हवा, कित्येक बैठका हव्यात आणि ते चित्र टांगायला तेवढी उंच भिंतही हवी. अठराव्या शतकात हस्तिदंतावर काढलेली लघुचित्रे आली. ती डबीवर किंवा गळ्यातील लॉकेटमध्ये बसत. मग काळ्या कागदातून कातरलेली बाजूच्या चेहऱ्याची आकृती आली. १७५९ मध्ये जेमतेम आठ महिने अर्थमंत्री राहिलेल्या सिलुएत याच्या नावाने ती ओळखली जाते. काटकसरीच्या त्याच्या फर्मानांची टिंगल करताना प्रत्येक स्वस्त वस्तूला लोक त्याचे नाव देत, असे सांगतात. १७८६ मध्ये क्रेतियँ याने बाजूचा चेहरा यंत्राने रेखून त्यावरून तांब्याचा ठसा कोरण्याची युक्ती काढली, आणि एका ठशावरून अनेक प्रती मिळू लागल्या. म्हणजे यंत्र येण्याआधीच गिऱ्हाईक रांगेत उभे होते. एखादा शोध लागतो म्हणून समाज बदलतो, असे आपण सहज बोलून जातो. येथे समाजाची मागणी पन्नास वर्षे दार ठोठावत होती आणि शोध मागाहून आला.

दागेरची पद्धत आली तरी दार लगेच पूर्ण उघडले नाही. १८३९ मध्ये तिचा संपूर्ण सरंजाम ४०० फ्रँकला मिळे. पॅरिसमधील कसबी कामगाराची रोजची कमाई तेव्हा तीन-चार फ्रँक होती. शिवाय प्रत्येक पत्रा एकुलता एक. त्याची प्रत निघत नसे. सुरुवातीला उन्हात डोळे मिटून, मान लोखंडी आधाराला टेकवून बसावे लागे. पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हिएन्नाच्या पेट्झव्हाल याचे तेजस्वी भिंग आले, रसायने सुधारली आणि मिनिटांचे सेकंद झाले. भराभर दुकाने निघाली. ज्यांची पोटे यामुळे सुटली ते लघुचित्रकारच या दुकानांत कामाला लागले किंवा मालक झाले. हातमागवाल्यांच्या वाट्याला जे आले त्यापेक्षा यांचे नशीब बरे. कारण चेहरा कसा बसवावा, गिऱ्हाइकाला कशाने बरे वाटते, हे त्यांना आधीच ठाऊक होते.

आता १८४८ चे वर्ष. फेब्रुवारीत राजा पळाला. हंगामी सरकारात आरागो मंत्री झाले. नौदल आणि वसाहतींचे खाते त्यांच्याकडे असताना २७ एप्रिल रोजी फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली. दोन महिन्यांनी पॅरिसच्या बेकार कामगारांनी रस्ते अडविले, तेव्हा हेच आरागो सैनिकांबरोबर त्या अडथळ्यांसमोर उभे राहिले. तुम्ही कधी उपाशी राहिलेला नाहीत, असे एका कामगाराने त्यांना तेथे सुनावल्याची नोंद आहे. छायाचित्रण लोकांना मोकळे करून देणारा माणूस तो हाच. त्याला ढोंगी ठरविण्यात मला रस नाही. तो प्रामाणिक होता, आणि त्याच्या प्रामाणिकपणाची हद्द कोठे संपत होती ते त्या दिवशी दिसले, एवढेच. त्याच जूनमध्ये सँ-मोर रस्त्यावरील अडथळ्यांची, हल्ल्यापूर्वीची आणि हल्ल्यानंतरची, अशी दोन छायाचित्रे उपलब्ध आहेत. वृत्तविषयक छायाचित्रांपैकी ती अगदी पहिल्या काळातली समजली जातात. त्यांत दगडांच्या राशी दिसतात, घरे दिसतात. लढणारी माणसे जवळजवळ दिसत नाहीत.

आता खऱ्या नायकाकडे येऊ. त्याचे नाव आंद्रे दिस्देरी. कापडव्यापाऱ्याचा मुलगा, रंगभूमीवर आणि व्यापारात नशीब काढू पाहणारा, एकीकडे फसला की दुसरीकडे दुकान मांडणारा माणूस. (ब्रेस्तमधील त्याचे दुकान तो निघून गेल्यावर त्याच्या पत्नीने स्वतःच्या हिमतीवर चालविले. ती स्वतः छायाचित्रकार होती. इतिहासात नवऱ्याला प्रकरण मिळते आणि तिला तळटीप, म्हणून मुद्दाम सांगितले.) २७ नोव्हेंबर १८५४ रोजी दिस्देरीने एक पेटंट घेतले. तोवर काचेवर ओल्या कोलोडियनने मूळ प्रत घेऊन कागदावर हव्या तितक्या छापण्याची पद्धत रुळली होती. ती शोधणाऱ्या इंग्रज आर्चर याने तिचे पेटंट घेतले नाही आणि तो गरिबीत मेला. दिस्देरीची युक्ती अशी, की एकाच काचेवर, अनेक भिंगांच्या आणि सरकत्या चौकटीच्या कॅमेऱ्याने, आठ छोटी चित्रे घ्यायची. ती एकदम छापायची, कातरायची आणि भेटीला जाताना द्यायच्या कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायची. साधारण सहा सेंटिमीटर रुंद, नऊ उंच. डझनाला वीस फ्रँक. जेथे एका मोठ्या छायाचित्राला पन्नास ते शंभर फ्रँक पडत तेथे आता बारा मिळू लागली.

यात विज्ञान नवे काहीच नव्हते. नवे होते ते हिशेबाचे डोके. कातरणे, चिकटविणे, धुणे ही कामे विभागून अर्धशिक्षित नोकरांकडे देता आली. दुकानाची कार्यशाळा झाली आणि कार्यशाळेचा कारखाना. १८५९ मध्ये इटलीच्या मोहिमेवर निघालेल्या तिसऱ्या नेपोलियनने सैन्य थांबवून दिस्देरीच्या दुकानात छबी काढून घेतली, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती बहुधा दिस्देरीच्या धंद्यानेच रचली असावी, असे अभ्यासक म्हणतात. पण ती लोकांना खरी वाटली, यालाही अर्थ आहे. ज्या खुर्चीवर सम्राट बसला त्याच खुर्चीवर बसायला वीस फ्रँक पुरत होते!

अर्थात कामगाराला ते पाच-सहा दिवसांचे वेतन. तेव्हा 'सर्वांना' म्हणजे कोणाला, हे येथेच स्पष्ट होते.

आणि त्या खुर्चीभोवती काय काय होते ते पाहा. मागे जड पडदा. बाजूला खांब, तो लाकडाचा किंवा रंगविलेल्या पुठ्ठ्याचा, आणि उभा असायचा गालिच्यावर! दगडी खांब गालिच्यावर कसा उभा राहील, हे त्याही काळी लोकांच्या ध्यानात येऊन त्याची थट्टा झाली होती. कठडा, नक्षीचे मेज, मेजावर पुस्तक. वकील आला की हातात कागदाची गुंडाळी, लेखक आला की लेखणी. दिस्देरीने १८६२ मध्ये या कलेवर ग्रंथ लिहून चेहरा, प्रमाण आणि प्रकाश यांचे नियमही घालून दिले. छायाचित्र आता पूर्ण उंचीचे घेतले जाई, त्यामुळे चेहरा होई नखाएवढा आणि डोळ्यांत भरे तो कोट, घड्याळाची साखळी, पाठीचा ताठपणा. सरदाराच्या तैलचित्रातला खांब त्याच्या वाड्यात खरोखर होता. त्या सरदाराला पदच्युत करणाऱ्या वर्गाला स्वतःचे चित्र काढून घेताना मात्र त्याचाच खांब उसना आणावा लागला, तोही तासाच्या भाड्याने. ज्याचे राज्य घेतले त्याचीच ऐट घ्यावी लागली. मोजपट्टी, खातेवही, शिवणयंत्र, वर्गातला फळा, ज्यांच्यावर हा वर्ग खरोखर जगत होता, त्या वस्तू छायाचित्रांत क्वचितच दिसतात. काम लपविणे हे प्रतिष्ठेचे पहिले कलम ठरले.

हा आजार फ्रान्सपुरता होता असे म्हणवत नाही. आपल्याकडील तालुक्याच्या गावांतल्या जुन्या स्टुडिओंतले रंगविलेले कारंजे, जिना आणि कुंडी आठवा. खांब समुद्र ओलांडून आला होता, गालिच्यासकट.

पण येथे मला एक सावधगिरीची सूचना करायची आहे, कारण आपल्या मंडळींना मध्यमवर्गाची टवाळी करायला फार आवडते, विशेषतः आपण स्वतः त्याच वर्गातून आलेले असलो की. १८५९ मध्ये कवी बोदलेरने या गर्दीवर कोरडे ओढले. ही हलकी माणसे पत्र्यावर आपली क्षुद्र छबी पाहायला धावत सुटली आहेत, असा त्याच्या लेखाचा रोख. त्यातील कलाविचार बाजूला ठेवू. त्यातला तिरस्कार मात्र सरदारी आहे. ज्यांची तोंडे शतकानुशतके कोणी रंगविली नाहीत, ज्यांच्या आजोबांचा चेहरा नातवाला ठाऊक नाही, त्यांनी एक प्रत स्वतःसाठी आणि एक परगावच्या बहिणीसाठी काढून घेतली, तर त्यात क्षुद्र काय? मेलेल्या मुलाचे छायाचित्र काढून घ्यायला आईबाप येत, कारण जिवंतपणी त्याचे एकही निघालेले नसे. त्या पुठ्ठ्याला हसण्याची माझी छाती होत नाही. बोदलेर स्वतः नादारच्या आणि कार्झाच्या कॅमेऱ्यासमोर बसलाच होता, हेही जाता जाता सांगतो. छायाचित्रात पडलेला खांब खोटा होता, पण त्याच्या शेजारी उभे राहण्याची इच्छा खरी होती. ती लोकशाही इच्छा आहे, आणि समाजवादी माणसाने तिची बाजू सोडता कामा नये.

प्रश्न आहे तो पुढचा. ज्याला चेहरा मिळाला त्याने इतरांच्या चेहऱ्याचे काय केले?

ते सांगण्यापूर्वी या पुठ्ठ्यांमागच्या श्रमाचा एक तपशील. कागदावर चित्र उमटण्यासाठी त्याला अंड्याच्या पांढऱ्याचा लेप द्यावा लागे. १८५० मध्ये ब्लांकार-एव्रार याने ही पद्धत आणली आणि पुढे चाळीस वर्षे जगातील बहुतेक छायाचित्रे अशाच कागदावर निघाली. जर्मनीतील ड्रेस्डेन हे त्याचे केंद्र. तेथील एका मोठ्या कारखान्याने १८८८ साली एका वर्षात १८,६७४ रीम कागद तयार केला. रीमला सत्तावीस डझन अंडी, म्हणजे एकूण साठ लाखांहून अधिक. अंडी फोडणे, पांढरे वेगळे काढणे, ते आंबवणे, एकेक कागद त्यावर अलगद तरंगवून उचलणे, ही सारी कामे तरुण मुली करीत. आंबलेल्या पांढऱ्याच्या वासाची कल्पना आपण करू शकतो. उरलेला पिवळा बलक कातडी कमावणाऱ्यांकडे जाई. घरातल्या दिवाणखान्यात मखमली अल्बम उघडून पाहुण्यांना दाखविला जाई तेव्हा प्रत्येक पानावर या मुलींचे हात होते. त्यांचे चेहरे त्या अल्बममध्ये नव्हते.

अल्बममध्ये असत ते घरचे लोक, आणि त्यांच्या शेजारी राजे, नट, सेनापती. मेलेला प्रिन्स आल्बर्ट, व्हिक्टोरियाचा नवरा, १८६१ च्या डिसेंबरात गेला तेव्हा आठवड्यात त्याची सत्तर हजार कार्डे खपली. एकाच मापाचा पुठ्ठा, एकाच पानावर राणी आणि दुकानदाराची मेहुणी! ही समता पुठ्ठ्याची होती. बऱ्याच लोकांना तेवढीच पुरेशी वाटली, आणि राज्यकर्त्यांना हेही लवकर कळले.

नादारचा उल्लेख आला, त्याच्याविषयी थोडे. खरे नाव तुर्नाशाँ. व्यंगचित्रकार, कट्टर प्रजासत्ताकवादी. १८४८ मध्ये पोलंडच्या मुक्तीसाठी निघालेल्या तुकडीत सामील झालेला. त्याने पडदे आणि खांब हाकलून दिले. साधी पार्श्वभूमी, बाजूने प्रकाश आणि समोर माणूस. प्रूधाँ, बाकुनिन, जॉर्ज सांद हे त्याच्यापुढे बसले, आणि ती छायाचित्रे आजही आपल्याशी बोलतात. दिस्देरी आणि नादार शेजारी शेजारी ठेवले की एकच यंत्र दोन प्रकारे वापरता येते हे कळायला व्याख्यानाची गरज नाही. पण याच नादारने १८६१ च्या सुमारास पॅरिसखालच्या अस्थिगृहांची विजेच्या प्रकाशात छायाचित्रे घेतली. हाडे रचणारे मजूर दाखवायचे होते. एकेका चित्राला अठरा-अठरा मिनिटे लागत; एवढा वेळ जिवंत माणूस निश्चल कसा राहील? म्हणून त्याने मजुराचे कपडे चढवून बाहुले उभे केले. आमच्या बाजूच्या माणसालासुद्धा कामगार दाखवायला बाहुले वापरावे लागले. मला हे चित्र पॉलिशवाल्याच्या डागापेक्षाही अधिक अस्वस्थ करते.

मग कामगार स्वतःहून कॅमेऱ्यासमोर आला तो १८७१ मध्ये. १८ मार्च ते २८ मे पॅरिस कम्यूनच्या ताब्यात होते. रस्त्यांवरील अडथळ्यांवर, तोफांच्या बाजूला, नॅशनल गार्डमधले सुतार, शिंपी, गवंडी रांगेने उभे राहिले आणि त्यांनी छायाचित्रे काढून घेतली. १६ मे रोजी व्हांदोम चौकातला नेपोलियनचा विजयस्तंभ पाडला, तेव्हा पडलेल्या पुतळ्याभोवती उभी राहिलेली मंडळी पाहण्यासारखी आहेत. ब्राकेहे नावाच्या बहिऱ्या छायाचित्रकाराने त्यांतली बरीच चित्रे घेतली. येथे खांब होता. पण तो आडवा पडलेला होता, आणि पाडणारे त्याच्याजवळ अभिमानाने उभे होते. काम लपविलेले नव्हते, झालेले काम हीच पार्श्वभूमी होती.

त्या अभिमानाची किंमत भयंकर पडली. रक्तरंजित सप्ताहात हजारो माणसे गोळ्या घालून मारली गेली, आणि जी निसटली होती त्यांच्यातील काहींना या छायाचित्रांवरूनच पोलिसांनी ओळखून काढले, असे फ्रॉइंडने नमूद केले आहे. अपेर नावाच्या छायाचित्रकाराने व्हर्सायच्या तुरुंगात कैद्यांच्या छब्या घेतल्या, नट भाड्याने आणून 'कम्यूनचे गुन्हे' उभे केले आणि नटांच्या धडांवर कैद्यांची डोकी चिकटवून ती चित्रे बाजारात विकली. बनावट चित्राने माणसाला गुन्हेगार ठरविण्याचा धंदा आजच्या संगणकांनी सुरू केला, असे ज्यांना वाटते त्यांनी अपेरची कात्री आठवावी. पेटीत ओळीने ठेवलेल्या मृत कम्यूनवाल्यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. प्रत्येकाच्या अंगावर नंबराची चिठ्ठी. ते दिस्देरीच्या नावावर सांगितले जाते, पण त्याविषयी मतभेद आहेत. ते कोणीही घेतले असो, ज्या माणसांना वीस फ्रँक परवडत नव्हते त्यांचे छायाचित्र शेवटी फुकट निघाले.

१८८२ पासून पॅरिसच्या पोलीस खात्यात बर्तियों याने कैद्यांची शरीरमापे घेण्याची पद्धत सुरू केली. पुढे तिला समोरून एक आणि बाजूने एक अशी छायाचित्रे जोडली गेली. तेच छोटे कार्ड, तीच ताठ मान, तोच लोखंडी आधार. दिवाणखान्यातल्या अल्बमला पोलीस चौकीतला जोड-अल्बम मिळाला. एकात माणूस आपल्या पैशाने जातो, दुसऱ्यात त्याला नेले जाते.

आपल्या देशात हे दोन अल्बम जवळजवळ एकदमच आले. दिस्देरीने पेटंट घेतले त्याच १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे आरंभीचे सदस्य. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः निष्णात छायाचित्रकार. दुसऱ्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचे दुकान थाटले. नव्या शिक्षणाने वर आलेला आपला मध्यमवर्ग कॅमेऱ्याच्या मागेही उभा राहिला आणि पुढेही बसला. दुसरीकडे १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना प्रजेची यादी हवी होती. १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात चारशेहून अधिक छायाचित्रे; जातीजमातींचे नमुने, खाली त्यांच्या स्वभावाचे शेरे. कोणती जमात राजनिष्ठ, कोणती दगाबाज, हेसुद्धा लिहून ठेवलेले.

१८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान लंडनमध्ये होते. हा ग्रंथ पाहून ते व्यथित झाले. आपले लोक यात जनावरांसारखे दाखविले आहेत, असे त्यांनी कळविले. त्यांचा मुलगा महमूद तो ग्रंथ चाळत असताना एका इंग्रज तरुणाने विचारले, तुम्ही हिंदुस्तानी का? महमूदने होकार दिला, पण तो ओशाळला आणि घाईने म्हणाला, की मी येथला मूळ रहिवासी नव्हे, माझे पूर्वज दुसऱ्या देशातून आले. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. अपमान खरा आहे, आणि अपमानातून सुटण्याची वाटही तितकीच खरी आहे: चित्रातल्या माणसाशी माझा संबंध नाही असे सांगणे. राष्ट्रीय चळवळीने पुढे ती वाट काही अंशी बंद केली. जातीने मात्र ती उघडी ठेवली, आणि आपल्या कितीतरी सुशिक्षितांच्या तोंडी महमूदचे उत्तर वेगळ्या शब्दांत आजही ऐकू येते.

याच्या उलट उत्तर अमेरिकेतून आले. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून निसटलेला नेता. त्या शतकात अमेरिकेत सर्वाधिक छायाचित्रे निघाली ती त्याची. सुमारे १६० आज ठाऊक आहेत. काळा माणूस गोऱ्यांच्या चित्रांत एक तर हसरा नोकर असे किंवा विद्रूप विदूषक. म्हणून डग्लस कॅमेऱ्यासमोर सहसा हसत नसे. करड्या नजरेने सरळ पाही. छायाचित्रांवर त्याने यादवी युद्धाच्या काळात जाहीर व्याख्याने दिली. तेव्हा अभ्यासवर्गात असला विषय घेणारे आपण पहिले नव्हे. सोजर्नर ट्रूथ या बाईची कथा याहून विलक्षण. गुलाम म्हणून तिला अनेकदा विकले होते. १८६४ मध्ये तिने आपल्या छायाचित्राची कार्डे स्वतःच्या नावाने नोंदविली आणि सभांतून ती विकून चरितार्थ चालविला. शरीर जगावे म्हणून मी आता सावली विकते, अशा आशयाचा मजकूर त्यावर छापलेला असे. त्या कार्डात पडदा आहे, मेज आहे, फुले आहेत. म्हणजे सगळा दिस्देरीचाच सरंजाम. आणि तिच्या हातात विणकाम आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांच्या लढ्यातलाच हा एक पुठ्ठा.

यंत्र त्याच्या मालकाचेच काम करते असे मानणाऱ्यांनी त्या विणकामाकडे पाहावे. आणि यंत्र आपोआप मुक्ती देते असे मानणाऱ्यांनी पॅरिसच्या पेट्यांकडे.

आता कामाचे बोलतो. खिशातल्या फोनने आज कोणाचेही छायाचित्र निघते, म्हणून हा प्रश्न मिटला असे समजू नका. शिधापत्रिकेपासून आधार कार्डापर्यंत आपला चेहरा कोणाच्या तरी नोंदवहीत आहे आणि त्या नोंदवहीची किल्ली आपल्याकडे नाही. त्यावर पुढच्या वर्गात स्वतंत्र चर्चा ठेवली आहे. आज एवढेच मागणे आहे. मुंबईच्या गिरणगावात, सोलापुरात, इचलकरंजीत आपल्या जुन्या साथींच्या घरी छायाचित्रे पडून आहेत: संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपातील सभा, खात्यातल्या मंडळींचे सामुदायिक चित्र. जुन्या स्टुडिओंनी पुठ्ठ्याच्या पाठीवर आपले नाव, पदके आणि पत्ता ऐटीत छापले. समोर कोण बसले आहे ते लिहायची पद्धत नव्हती. नेत्याचे नाव सगळ्यांना आठवते. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा कोण, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.

तेव्हा येत्या दोन महिन्यांत प्रत्येक शाखेने निदान दहा घरी जावे. छायाचित्र मागून आणू नये. त्यांच्या घरीच राहू द्यावे, आपण प्रत घ्यावी. नावे डावीकडून उजवीकडे विचारावीत, बायकांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने, अमक्याची पत्नी म्हणून नव्हे. गिरणी, खाते, पाळी आणि साल लिहावे. आणि पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहावे, शाईने नको. शाई काही वर्षांत पुढे चेहऱ्यावर उतरते.